एका पगारातलं घर: १९४९ च्या ५८ डॉलरच्या हप्त्याचा हिशोब

प्रश्न असा आहे: दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत साधा कारखाना-कामगार म्हणे एकट्याच्या पगारात घर, गाडी आणि तीन-चार मुलांचा संसार चालवायचा. हे खरं का? खरं असेल तर पैसा कुठून यायचा? आणि त्या काळातली घरं न्यू जर्सीत किंवा लाँग आयलंडवर आज विकायला येतात, ती घेण्यासारखी असतात का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, बऱ्याच जणांसाठी खरं. पगार वाढले होतेच, पण नुसत्या पगाराने हे गणित सुटत नाही. गृहकर्जाची मुदत बदलली, कर्ज बुडालं तर भरून देण्याची हमी सरकारने घेतली आणि घर फार लहान व फार साधं बांधलं गेलं, तेव्हा ते सुटलं. यातली पहिली गोष्ट सर्वांत कमी सांगितली जाते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

हिशोबाला एकच घर घेऊ. न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला, लाँग आयलंडवरच्या लेव्हिटटाउन वसाहतीतलं १९४९ चं ‘रँच’ घर. किंमत ७,९९० डॉलर. युद्धातून परतलेल्या सैनिकाला डाउन पेमेंट जवळजवळ शून्य आणि महिन्याचा हप्ता ५८ डॉलर. सैनिकांच्या कर्जावर तेव्हा व्याज होतं ४ टक्के. २५ वर्षांची मुदत धरली तर ७,९९० डॉलरवर मुद्दल आणि व्याज मिळून महिना ४२ डॉलर १७ सेंट होतात. वरचे सोळाएक डॉलर मालमत्ता कर आणि विम्याचे. तेही बँकच हप्त्यासोबत घ्यायची आणि वेळच्या वेळी भरायची, म्हणजे कर थकून घरावर बोजा चढायला नको.

आता उत्पन्न. १९५० मध्ये अमेरिकी कुटुंबाचं मध्यम उत्पन्न वर्षाला ३,३१९ डॉलर होतं, म्हणजे निम्मी कुटुंबं याच्या वर आणि निम्मी खाली. महिन्याला २७७ डॉलर. त्यातले ५८ म्हणजे २१ टक्के. घराची किंमत वर्षाच्या उत्पन्नाच्या जेमतेम २.४ पट. पुण्या-मुंबईत आज हप्ता भरणाऱ्याने हे दोन आकडे स्वतःच्या आकड्यांशेजारी मांडून पाहावेत.

पण तेच घर, तोच पगार आणि तेच ४ टक्के व्याज ठेवून फक्त मुदत बदलून पाहा. दहा वर्षांत फेडायचं तर मुद्दल-व्याजाचा हप्ता ८१ डॉलर होतो. पाच वर्षांत फेडायचं तर १४७ डॉलर, म्हणजे निम्म्याहून जास्त पगार एकट्या घरात. १९३० च्या आधी अमेरिकेत गृहकर्ज साधारण असंच असायचं. मुदत तीन ते पाच वर्षं, घराच्या किमतीच्या निम्मंच कर्ज, दरमहा किंवा सहामाही नुसतं व्याज आणि मुदत संपली की मुद्दल एकरकमी. ते कुणीच एकरकमी फेडायचं नाही. कर्ज नवं करून घ्यायचे. बाकीच्या पैशासाठी त्याच घरावर चढ्या व्याजाचं दुसरं कर्ज असायचं. धंदा चालू होता तोवर हे चाललं. १९२९ नंतर बँकाच बुडायला लागल्यावर नवं कर्ज द्यायला कुणी उरलं नाही. हप्ते नियमित भरणाऱ्याचंही घर केवळ मुदत संपली म्हणून गेलं. १९३३ मध्ये दिवसाला हजाराच्या आसपास घरं जप्त होत होती.

त्यातून १९३४ साली फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एफएचए, आलं. ही संस्था स्वतः एक डॉलरही कर्ज देत नव्हती, हे नीट लक्षात घ्या. कर्ज बँकच द्यायची, एफएचए त्याचा विमा उतरवायची. कर्जदाराकडून अर्धा टक्का विमा हप्ता जमा करायचा आणि कर्ज बुडालं तर त्या निधीतून बँकेला भरून द्यायचं. बदल्यात बँकेवर अटी. दर महिन्याचा हप्ता सारखा हवा, त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही हवं आणि शेवटच्या हप्त्याला कर्ज शून्य व्हायला हवं. सुरुवातीला २० वर्षं आणि किमतीच्या ८० टक्के कर्ज, १९३८ मध्ये लहान घरांना २५ वर्षं आणि ९० टक्के. पुढे मुदत ३० वर्षांवर गेली. आज आपण ज्याला ईएमआय म्हणतो त्याचं हे रूप सरकारी विम्याच्या जोरावर अमेरिकाभर पसरलं.

मग २२ जून १९४४ ला सैनिकांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला, ज्याला सगळे जीआय बिल म्हणतात. यात कर्जदाराकडून विमा हप्ताही नाही. माजी सैनिकाच्या कर्जाच्या निम्म्या रकमेची हमी थेट सरकारची. तिची कमाल मर्यादा आधी २,००० डॉलर होती, १९४५ च्या शेवटी ती ४,००० झाली. आता ७,९९० हा आकडा परत बघा. त्याचे निम्मे ३,९९५. हमीच्या मर्यादेत पाच डॉलर राखून बसतो. घराची किंमत निम्म्याने कोसळली तरी बँकेच्या खिशाला फारशी झळ नाही, त्यामुळे डाउन पेमेंट मागायचं कारणच उरत नाही. बिल्डरने हे मुद्दाम जुळवलं असेल किंवा ‘आठ हजाराच्या आत’ ही नेहमीची दुकानदारी असेल, निकाल एकच.

हप्ता कायमचा ठरलेला असण्याचा फायदा नंतर कळतो. १९६० मध्ये मध्यम उत्पन्न ५,६२० डॉलर झालं, म्हणजे महिन्याला ४६८. मुद्दल-व्याजाचा हप्ता मात्र तोच ४२ डॉलर. १५ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आला. गाडी, फ्रिज, मुलांच्या दातांचा खर्च असं जे ‘सुबत्ता’ म्हणून फोटोत दिसतं, त्याला या मोकळ्या झालेल्या पैशाचा मोठा हात आहे. शिवाय गृहकर्जाचं व्याज आयकरातून वजा होत होतंच, आणि १९४८ पासून नवरा-बायकोला उत्पन्न समसमान वाटून एकत्र विवरणपत्र भरता येऊ लागलं. एकट्या कमावत्या माणसाच्या संसाराला याचा सर्वांत जास्त लाभ व्हायचा, कारण एकाचं उत्पन्न दोघांत वाटलं की कराचा वरचा टप्पाच टळायचा.

पगाराची बाजू अगदीच दुय्यम होती असं नाही. १९३८ च्या कायद्याने आठवड्याला ४० तासांपुढे दीडपट पगार द्यावा लागायचा. १९५० मध्ये वाहन कामगारांच्या संघटनेने जनरल मोटर्सशी पाच वर्षांचा करार केला. महागाईशी जोडलेली पगारवाढ, निवृत्तिवेतन, आरोग्य विम्यात कंपनीचा वाटा, सगळं त्यात आलं. बँकेच्या दृष्टीने अशा कामगाराचं उत्पन्न पुढची अनेक वर्षं दिसत होतं. २५ वर्षांचं कर्ज द्यायला तेच लागतं.

आता बांधकामाकडे. कर्ज स्वस्त झालं आणि घरांचा पुरवठा वाढला नाही, तर फक्त किमती वाढतात. युद्धाच्या काळात साहित्य आणि माणसं लढाईकडे गेल्याने घरबांधणी जवळपास थांबली होती. लाखो सैनिक एकदम परतले, लग्नं झाली, मुलं झाली आणि जोडपी आईवडिलांच्या घरात किंवा लष्करी पत्र्याच्या बराकींत राहू लागली. १९५० या एका वर्षात अमेरिकेत १९ लाखांहून अधिक घरांचं काम सुरू झालं. हे जुन्या पद्धतीने, म्हणजे एक मिस्त्री, चार सुतार आणि वर्षाला पाच घरं अशा बिल्डरांकडून, होणारं काम नव्हतं.

लेव्हिटटाउन वसवणाऱ्या लेव्हिट या बिल्डर कुटुंबाने (वडील अब्राहम, मुलगे विल्यम आणि आल्फ्रेड) युद्धकाळात व्हर्जिनियातल्या नॉरफोकला नौदलाच्या कामगारांसाठी मोठ्या संख्येने घरं बांधली होती. तो अनुभव घेऊन ते लाँग आयलंडच्या बटाट्याच्या शेतांवर आले. तिथल्या बटाट्याला सूत्रकृमीची कीड लागली होती, शेतकरी विकायला तयार होते. १९४७ ते १९५१ या काळात तिथे १७,४४७ घरं उभी राहिली. ऐन हंगामात दिवसाला तीसहून अधिक.

ते कसं करायचे, ते जरा सविस्तर सांगतो, कारण खरा पैसा इथे वाचला. कारखान्यात माल पट्ट्यावरून सरकतो आणि कामगार जागेवर उभा असतो. इथे घर हलत नाही, म्हणून कामगारांच्या टोळ्या घराघरातून सरकत जायच्या. सगळं काम २७ टप्प्यांत तोडलं होतं. एक टोळी फक्त लादी बसवणार, एक फक्त खिडक्या, रंगकामात एक टोळी एक रंग मारणार आणि दुसरी दुसरा. ट्रक ठरावीक अंतरावर लाकूड, नळ्या, विटा आणि कौलांचा तोच तो गठ्ठा उतरवत जायचे. खोदाई यंत्र १३ मिनिटांत २५ फूट बाय ३२ फूट आयताभोवती चार फूट खोल चर मारायचं, मागोमाग काँक्रीटचे ट्रक येऊन चार इंच जाडीची स्लॅब ओतायचे. (आपल्याकडे स्लॅब म्हटलं की छत डोळ्यासमोर येतं. ही जमिनीवरची स्लॅब. तीच पाया आणि तीच फरशी.)

स्लॅबवर घर म्हणजे तळघर नाही. तळघर गाळलं की खोदाई, भिंती आणि कित्येक दिवस वाचतात. पण लेव्हिटटाउन ज्यात येतं त्या हेम्पस्टेड नगराच्या बांधकाम नियमात तळघर सक्तीचं होतं. १९४७ च्या मे महिन्यात सुनावणीला घर शोधणारे माजी सैनिक मोठ्या संख्येने येऊन बसले आणि नियम बदलला गेला. तळघर नाही म्हणजे बॉयलर ठेवायला जागा नाही, म्हणून तो स्वयंपाकघरात आला आणि स्लॅबच्या आत तांब्याच्या नळ्यांचं जाळं टाकून त्यातून गरम पाणी फिरवलं. फरशीच गरम राहायची. कल्पना सुरेख, तिचं पुढे काय झालं ते शेवटी येईल.

लाकूड कॅलिफोर्नियातल्या स्वतःच्या गिरणीतून मापात कापून यायचं, त्यामुळे जागेवर करवतीचं काम जवळपास नाही. खिळेसुद्धा स्वतःच बनवायचे. आतल्या भिंतींना ओल्या गिलाव्याऐवजी जिप्समचे कोरडे तक्ते, म्हणजे सुकण्याची वाट पाहायला नको. कामगार संघटनेबाहेरचे, मजुरी तासावर नव्हे तर नगावर. संघटनांनी याला विरोध केला. स्प्रे-रंगासारख्या वेळ वाचवणाऱ्या साधनांनाही त्यांचा आक्षेप असायचा, तोही इथे टळला. आणि एक गोष्ट लोक विसरतात: एफएचए एवढ्या घरांच्या कर्जाला विमा देण्याची हमी बांधकामाआधीच देत होतं. ते पत्र दाखवलं की बँक बिल्डरला कामासाठी पैसा द्यायची. गिऱ्हाईक आणि भांडवल दोन्ही आधी बांधलेलं असेल तर कुणीही मोठा डाव खेळेल. ‘मुक्त बाजाराची किमया’ म्हणून याचं कौतुक करणाऱ्यांना हा तपशील सहसा आवडत नाही.

घर केवढं होतं? १९४७ चं पहिलं ‘केप कॉड’ मॉडेल ७५० चौरस फूट. दोन झोपायच्या खोल्या, बैठकीची खोली, स्वयंपाकघर, एकच न्हाणीघर आणि वर अर्धवट सोडलेला पोटमाळा. रँच ८०० चौरस फूट. म्हणजे पुण्यातल्या साध्या टू-बीएचकेएवढं, फक्त ६० बाय १०० फुटांच्या प्लॉटवर सुटं उभं. गॅरेज नाही. धुलाई यंत्र मात्र किमतीतच, आणि पुढच्या मॉडेलमध्ये जिन्याच्या भिंतीत बसवलेला टीव्हीसुद्धा. हा टीव्हीही घराच्या कर्जातच जायचा, म्हणजे लोक २५ वर्षं त्याचे हप्ते भरत. पोटमाळा रिकामा ठेवण्यात खरी हुशारी होती. दुसरं-तिसरं मूल होईपर्यंत कुटुंबाला त्याची गरज नसते. गरज पडली की सुट्टीच्या दिवशी स्वतः लाकूड आणून दोन खोल्या काढायच्या. घराच्या किमतीचा एक भाग असा पुढे ढकलला गेला आणि मजुरी मालकाच्या घामातून निघाली. आज तिथे मूळ आकारातलं घर शोधावं लागतं. जवळपास प्रत्येकाने छप्पर उचललं आहे किंवा मागे खोली काढली आहे.

मुलं खरंच खूप होती. १९४६ मध्ये ३४ लाख जन्म, १९५७ मध्ये ४३ लाख, आणि त्या शिखरावर प्रति स्त्री सरासरी पावणेचार मुलं. १९५० च्या दशकात निम्म्या मुली विसाव्या वर्षाच्या आसपास पहिलं लग्न करून मोकळ्या व्हायच्या. रँच मॉडेलमध्ये स्वयंपाकघर रस्त्याच्या बाजूला आणि बैठकीची खोली मागच्या अंगणाकडे, मोठ्या काचेच्या खिडकीसह, अशी उलटापालट केली ती याच संसाराला डोळ्यासमोर ठेवून. वसाहतीचे नियमही घरंदाजपणाचे. कुंपण नको, गवत आठवड्याला कापायचं, कपडे दोरीवर नाही तर मागच्या अंगणातल्या फिरत्या वाळवणीवरच वाळत घालायचे, आणि शनिवार-रविवारी तेही नाही.

‘एकट्याच्या पगारात’ हा भाग मात्र तपासून घ्या. १९५० मध्ये चारातली एक विवाहित स्त्री नोकरी करत किंवा शोधत होती, १९६० मध्ये दहातल्या तीन. ज्या दशकाला आपण गृहिणींचं दशक समजतो, त्याच दशकात बायका कामाला लागण्याचं प्रमाण वाढत होतं. बहुतेक वेळा धाकटं मूल शाळेत गेल्यावर, अर्धवेळ, दुकानात किंवा कचेरीत. हा पैसा हप्त्यासाठी कमी आणि दुसरी गाडी, मुलांचं कॉलेज यांसाठी जास्त लागायचा. सुरुवातीला तर काही बँका कर्ज ठरवताना तरुण बायकोचा पगार धरायच्याच नाहीत, मूल झालं की नोकरी जाईल असं गृहीत धरून. थोडक्यात, कर्ज एका पगारावर मिळायचं, संसार मात्र पुष्कळ ठिकाणी दीड पगारावर चालायचा.

जाहिरातीत नसलेले दोन खर्च होते. पहिला गाडीचा. लेव्हिटटाउनपासून मॅनहॅटन ४० किलोमीटरच्या पुढे, वसाहतीच्या आत दुकानांपर्यंतही पायी जाणं जिवावर यायचं. १९४५ मध्ये देशात अडीच कोटींच्या वर खासगी मोटारी होत्या, १९५५ पर्यंत आकडा पाच कोटींवर गेला. १९५६ च्या महामार्ग कायद्याने ४१,००० मैलांचं जाळं आखलं आणि ९० टक्के खर्च केंद्राने उचलला. नोकऱ्या, दुकानं, सगळं शहराबाहेर सरकायला त्याने जोर आला. त्याच वर्षी मिनेसोटात साउथडेल हे छताखालचं, वातानुकूलित मॉल उघडलं. गाडी मग चैन राहिली नाही. हप्ता स्वस्त, पण त्याच्या शेपटीला गाडीचा हप्ता, पेट्रोल आणि विमा बांधलेला.

दुसरा खर्च शाळेचा. बिल्डर शाळेला जागा सोडायचा, शाळा बांधायचा नाही. कारखाने नाहीत, मोठी दुकानं नाहीत, म्हणजे स्थानिक शाळेचा सगळा भार घरांच्या मालमत्ता करावर. आणि दर घरात मुलं. वर्ग दोन पाळ्यांत भरवावे लागले, कर चढत गेले. म्हणून वर ‘४२ डॉलर कायम’ म्हटलं, ‘५८ कायम’ म्हटलं नाही.

आता या उत्तरातला सर्वांत महत्त्वाचा खुलासा. ‘साधा कामगार’ म्हणजे कोण? लेव्हिटटाउनची १९४७ ची पहिली घरं भाड्याने दिली जायची, त्या भाडेकरारात स्पष्ट कलम होतं: घरातल्या नोकराचा अपवाद सोडून, गोऱ्या वंशाबाहेरच्या कुणालाही तिथे राहू द्यायचं नाही. ही एका बिल्डरची लहर नव्हती. एफएचएच्या मूल्यमापन पुस्तिकेतच अशी बंधनं घालण्याची शिफारस होती; मिश्र वस्तीतलं घर ‘जोखमीचं’ धरून त्याला विमाच नाकारला जायचा. त्याआधी दुसऱ्या एका सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे चार रंगांत रंगवले होते, आणि काळ्या लोकांच्या वस्त्या जवळपास सरसकट लाल, म्हणजे सर्वांत जोखमीच्या. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा कलमांची अंमलबजावणी न्यायालयं करू शकत नाहीत असा निकाल दिला. कलम कागदावरून गेलं, विक्री मात्र गोऱ्यांनाच चालू राहिली. ऑगस्ट १९५७ मध्ये लेव्हिटनीच पेनसिल्व्हेनियात वसवलेल्या दुसऱ्या लेव्हिटटाउनमध्ये विल्यम आणि डेझी मायर्स या काळ्या दाम्पत्याने एका रहिवाशाकडून घर घेतलं, तेव्हा घरासमोर रात्रीमागून रात्री जमाव जमला, दगड आले आणि शेवटी न्यायालयाचा मनाई हुकूम आणावा लागला. विल्यम मायर्स स्वतः माजी सैनिक होते.

कायदा तोच, हमी तीच, पण कर्ज शेवटी बँकेच्या टेबलावर मंजूर व्हायचं. मिसिसिपीत १९४७ मध्ये सरकारी हमीच्या ३,२२९ कर्जांपैकी काळ्या सैनिकांना मिळाली दोन. वर मांडलेलं गणित ज्यांना मिळालं त्यांच्या मुलांना कॉलेजची फी, धंद्याचं भांडवल आणि वारसा या घरातून मिळाला. ज्यांना नाकारलं ते भाडं भरत राहिले. १९४० मध्ये ४४ टक्के कुटुंबं स्वतःच्या घरात होती, १९६० मध्ये ६२ टक्के. ही उडी वाचताना ती कुणाकुणाची आहे, हे सोबत वाचावं.

मराठी माणूस या चित्रात नव्हताच, असं म्हटलं तरी चालेल. १९४६ च्या कायद्याने भारतातून वर्षाला फक्त १०० जणांना प्रवेश होता. १९६५ च्या कायद्यानंतर डॉक्टर-इंजिनिअर मंडळी येऊ लागली आणि न्यू जर्सीत, लाँग आयलंडवर स्थिरावली, ती बऱ्याचदा याच पिढीच्या जुन्या घरांत. तिथून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे.

१९४५ ते १९६० मधलं घर घ्यायला हरकत नाही. प्लॉट चांगले असतात, लाकूड आजच्यापेक्षा घट्ट असतं. पण कुठे पैसा जाणार आहे, ते आधी माहीत हवं.

पहिलं, स्लॅबमधल्या तांब्याच्या नळ्या. गरम-गार होऊन नळी आकसते-फुगते, काँक्रीट तिला हलू देत नाही, वर ओलावा आणि सिमेंटमधले क्षार तिला खातात. गळती दिसत नाही. फरशीचा एखादा पट्टा विनाकारण जास्त गरम लागतो, बॉयलर सारखा पाणी ओढतो. एक जागा फोडून जोडली तरी दोन वर्षांत दुसरी फुटते. त्यामुळे लोक नळ्या तशाच सोडून भिंतीच्या कडेने नवे रेडिएटर लावतात. विक्रेता ‘मूळ हीटिंग चालू आहे’ असं कौतुकाने सांगत असेल तर नव्या व्यवस्थेचा खर्च मनात धरूनच भाव करा.

दुसरं, ॲस्बेस्टॉस. बाहेरच्या भिंतीवरचे ठिसूळ राखाडी तक्ते आणि आत ९ बाय ९ इंचांच्या गडद लाद्या व त्यांखालचा काळा डांबरी गोंद. अखंड असतील तर धोका फार नाही. घासायच्या, तोडायच्या, ड्रिल करायच्या नाहीत. वरून नवी फरशी टाकणं हाच बहुतेकदा शहाणपणाचा आणि स्वस्त उपाय. १९७८ आधीच्या रंगात शिसं असू शकतं, ते लहान मूल असलेल्या घराने खिडक्यांच्या चौकटीत आधी तपासावं, कारण खिडकी वरखाली झाली की तिथलाच रंग भुकटी होऊन खाली पडतो.

वीज: मूळ पॅनल अनेकदा ६० अँपिअरचं, सॉकेट दोन पिनांचे, अर्थिंग नाही. आजच्या एसी-ओव्हनला ते पुरत नाही. नुसते तीन पिनांचे सॉकेट बदलून ‘नवं वायरिंग’ म्हणून दाखवलेलं असू शकतं. पिन आहे म्हणजे मागे तार आहे असं नाही. दहा डॉलरच्या टेस्टरने कळतं. पाणी: गॅल्व्हनाइज्ड लोखंडी नळ आतून गंजून पेन्सिलीएवढे होतात, म्हणून वरच्या मजल्यावर दोन नळ एकदम सोडून बघा. सांडपाणी: त्या काळात डांबरात भिजवलेल्या कागदाच्या लगद्याची ऑरेंजबर्ग नावाची नळी वापरली जायची, ती कालांतराने चेपते. घर ते रस्ता या लांबीत कॅमेरा सोडून घ्या. जुना शोषखड्डा सांडपाण्याची लाइन आल्यावर रिकामाच सोडलेला असेल, तर एक दिवस अंगण तिथे खचतं.

आणि सगळ्यात महाग प्रकार, जमिनीत पुरलेली तेलाची टाकी. हीटिंग तेलावर चालायचं, नंतर गॅस आला आणि टाकी तशीच राहिली. गंजून गळाली असेल तर माती उपसून न्यावी लागते आणि तो खर्च सध्याच्या मालकावर येतो, म्हणजे सही झाल्यावर तुमच्यावर. भिंतीतून किंवा गवतातून वर आलेली दोन बंद नळकांडी दिसतात का पाहा, एक भरण्याची, एक हवेची. दिसली नाहीत तरी धातुशोधक यंत्राने अंगण तपासून घ्या. टाकी काढल्याचं विक्रेता म्हणत असेल तर नगरपालिकेच्या परवान्याची आणि मातीच्या तपासणीची प्रत हातात आल्याशिवाय अनामत पक्की करू नका.